बिनसोडतीचे पालक

पुण्यातल्या कॅथलिक शाळा जुन्या. कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी 1860 चं, सेंट व्हिन्सेंट्स 1867 ची. तिथे पालकांना एकच काम असतं, प्रवेश मिळवायचा. भिंती, मैदान, घंटा, शिस्त सगळं पणजोबांच्या काळापासून तयार. तिथे भाऊ उगवत नाहीत. भाऊंना नवी शाळा लागते: पत्र्याचं छप्पर, चार वर्ग, केरळहून आलेल्या दोन-तीन सिस्टर आणि पानशेतचा पाऊस.

प्रत्येक नव्या शाळेत त्यांचं नाव वेगळं असतं; पानशेतच्या शाळेतल्यांना आपण भाऊ म्हणू. घरची भातशेती, रस्त्याला लागून हॉटेल (शनिवार-रविवारी पुणेकरांसाठी कांदाभजी आणि भाजलेली कणसं), शिवाय जत्रा कमिटी आणि गणपती मंडळाचा दांडगा अनुभव. लेकीला ज्युनिअर केजीत घालताना अर्जावर त्यांनी आपलं नाव लिहिलं आणि पुढे कंसात ‘संस्थापक’. सिस्टरनी ते खोडलं नाही. त्यांना मराठी अजून वाचता येत नव्हतं.

जूनमध्ये शाळा सुरू होते, तेव्हा बाकीचे पालक पेरणी-आवणीत गुंतलेले. भाऊ मात्र शाळेच्या मागे चर खणून घेत असतात. पानशेतचं धरण 12 जुलै 1961 ला फुटलं तेव्हा भाऊंचा जन्मही झालेला नव्हता. पण पाण्याविषयी अखेरचं मत देण्याचा हक्क पानशेतकराकडे वारशानं येतो. “सिस्टर, पाणी इकडून येणार!” सिस्टर म्हणाल्या, उतार तर तिकडे आहे. पाणी तिकडूनच आलं. भाऊंनी शांतपणे दुसरा चर खणायला घेतला आणि पहिल्याला ‘राखीव’ म्हणून टाकलं. पत्र्यावर सर कोसळू लागली की शिकवणं बंद पडायचं. अशा वेळी भाऊ वर्गात शिरून खाणाखुणांनी पाढे घेत. सातच्या पाढ्याला त्यांची स्वतःचीच बोटं कमी पडत.

क्रीडादिन डिसेंबरात. मैदान नाही, म्हणून भाऊंचं कापणी झालेलं खाचर. शंभर मीटरची शर्यत बांधाला अडून सत्तर मीटरवर संपली. उरलेले तीस मीटर भाऊंनी सर्वांना सरसकट माफ केले.

पण भाऊ खरे खुलले ते नाताळात. सिस्टरनी येशूजन्माचा गोठा उभारायचं म्हटलं. गोठा म्हटल्यावर भाऊंना कोण अडवणार? भाताचा पेंढा आला, खरी गव्हाण आली, वासरूही येत होतं, ते सिस्टरनी दारातूनच परत पाठवलं. मेंढपाळांचे पुतळे दोनच होते. भाऊंनी लेकीचा दिवाळीतला किल्ला उचकटला आणि मावळे आणून उभे केले. त्यामुळे बेथलेहेमच्या वेशीवर भाला घेतलेले सात मावळे खडा पहारा देत होते आणि मागच्या डोंगराला, काही केल्या, तोरण्याचा आकार आला होता. “हेरोदाची माणसं आली तर?” भाऊंनी विचारलं. बायबल त्यांनी तेवढ्यापुरतं वाचून काढलं होतं. सिस्टरकडे उत्तर नव्हतं. पुण्याहून आलेले फादर मूळचे वसईचे, मराठीच; ते गोठ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “राहू द्या.”

“पण बाळ कुठंय?” भाऊंचा सवाल. बाळ चोवीसच्या मध्यरात्री ठेवायचं असतं, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे गोकुळाष्टमीसारखं! मग पाळणा मी आणतो, सुंठवडा आमच्या हिच्याकडं.” ख्रिस्ती पालक तिथे मोजून दोन घरचे. त्यांनीही सुंठवडा मागून घेतला.

आता भाऊंचं दुःख. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क कायद्याप्रमाणे प्रत्येक पालक आपोआप पालक-शिक्षक संघाचा सभासद होतो, पण कार्यकारी समितीवर जायचं तर सोडत लागते. चिठ्ठ्या टाकायच्या, उचलायच्या. गावच्या राजकारणात मुरलेल्या माणसाला याहून क्रूर पद्धत सुचवता येणार नाही. ना पॅनल, ना जेवणावळ, ना नाराज गट. भाऊंची चिठ्ठी काही निघेना. खुर्च्या त्यांच्या, माईक त्यांच्या ओळखीचा, चिठ्ठ्यांचं मडकंसुद्धा त्यांच्याच घरचं.

अखेर एका वर्षी त्यांच्या घरात चिठ्ठी निघाली. वहिनींची. समितीत निम्म्या जागा महिलांच्या असतात आणि वहिनींनी अर्ज भरल्याचं भाऊंना ठाऊकच नव्हतं. पहिल्या सभेला भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून ‘मिसेसच्या वतीनं’ गेले. सिस्टर आता मराठी शिकल्या होत्या. “मॅडमना पाठवा,” एवढंच त्या म्हणाल्या.

मॅडम गेल्या. फीचा विषय निघाला, वहिनींनी वही उघडून खर्चाचा तपशील मागितला. हॉटेलचा गल्ला इतकी वर्षं कोण सांभाळत होतं, ते त्या दिवशी शाळेला कळलं. गॅदरिंगच्या मांडवाचं बिल पुढे आलं, तेव्हा त्यांनी पावती मागितली. मांडव भाऊंनी ठरवला होता. पावती नव्हती.

तेव्हा तुमच्या भागात कुणी नवी शाळा काढणार असेल तर मदतीची काळजी करू नका. भाऊ न बोलावता येतील, खुर्च्या घेऊनच येतील. तुम्ही फक्त मांडववाल्याचं बिल कुणाच्या नावावर आहे ते आधी विचारून घ्या, आणि समितीचा एक अर्ज गुपचूप वहिनींकडे पोचवा.