भाऊ हवेत

निवडणूक संपली की सनपॅकचे बोर्ड कुठे जातात, हा प्रश्न निवडणूक आयोगाला पडत नाही. आमच्या वऱ्हाडातल्या पोट्ट्यांना पडतो. वरून चकचकीत, आतून पोकळ, वजनाला नगण्य आणि वाकवाल तसं वाकतं. विमानाच्या पंखाला याहून चांगलं सामान शोधून मिळणार नाही.

मी बोर्डाबद्दल बोलतोय.

बोर्ड कापायचा, आत बांबूची कामटी सरकवायची, हलणारे भाग चिकटपट्टीने जोडायचे, सायकलच्या तारेचे दांडे लावायचे. बोर्डावरच्या उमेदवार भाऊंचं हसू डाव्या पंखावर, जोडलेले हात उजव्या पंखावर. मतदारांनी ज्यांना वर पाठवलं नाही, त्यांना हजार केव्हीची मोटर पाठवते. तेही पक्ष न बदलता.

रेडिओवर उडणाऱ्या छोट्या विमानांचा हा नाद. एकेकाळी तो पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्यांचा होता. आता सामान कुरिअरने तिवस्यालाही येतं आणि कपाशीची उलंगवाडी झाली की वावर रिकामंच असतं. अडचण एकच. धुऱ्यावर कुणी तरी काका उभे असतात.

"याच्यात मानूस बसते काय?"

"नाही बसत, काका."

"मंग उडवतं कायले?"

प्रश्न बिनतोड आहे. फक्त १६ एप्रिल २०२५ला अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावर मुंबईचं पहिलं विमान उतरलं, तेव्हा एप्रिलच्या उन्हात मान वर करून उभे असलेले हेच काका होते. त्या विमानात तरी ते कुठे बसले होते?

अकोल्याची तऱ्हा आणखी न्यारी. शिवणीची धावपट्टी १९४३ची. ती वाढवायची चर्चा आजोबांनी ऐकली, वडिलांनी ऐकली, आता नातू मोबाइलवर वाचतो. कृषी विद्यापीठाची जमीन, मोजणी, प्रस्ताव, पाठपुरावा. तिथे विमानतळ आहे, विमान नाही. तिवसा तालुक्यातल्या मोझरीच्या वावरात विमान आहे, विमानतळ नाही. दोघांची सोयरीक जुळवायला हरकत नव्हती, पण समिती कोण नेमणार?

आता मोझरीचंच बघा. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे गुरुकुंज उभं केलं. सकाळी सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. मॉडेल उडवणाऱ्याला विचारा, हवा कधी पडलेली असते? सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे वेळ दोघांची तीच. भक्ताला मन शांत हवं, पोट्ट्याला वारा.

जुनी ग्लो इंजिनं असती तर भांडण ठरलेलं होतं. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेलाचं मिश्रण पिऊन ती अशी किंचाळायची की चार वावरांपलीकडचा बैल दावं तोडायचा. आता बॅटरी आली, आवाज गेला. तरी तक्रार होतेच. गावात वरातीचा डीजे रात्रभर चालतो, पण पोराची मोटर दहा मिनिटं फिरली की शांतता भंग पावते.

असो. महाराजांची खंजिरी सगळ्यांना आठवते. त्यांनी ग्रामसफाईसाठी हातात घ्यायला लावलेला झाडू किती जणांना आठवतो?

या नादाचं नेमकं तेच आहे. विमान बांधताना चार मित्र येतात, फोटो निघतात, स्टेटस पडतं. त्यानंतरचं काम एकट्याचं. आणि खरं काम तेच.

बॅटरीच घ्या. तीन सेलची लिथियम पॉलिमर. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर चढवायचं नाही, ३च्या खाली उतरवायचं नाही आणि आठवडाभर उडवायचं नसेल तर ३.८वर आणून ठेवायचं. फुल चार्ज करून मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत विसरली, की फुगते. पारा ४५वर असताना आपण स्वतः सावली शोधतो. बॅटरीने मात्र देशासाठी त्याग करावा अशी अपेक्षा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करणारे महाभागही असतात. त्यांचे व्हिडिओ चांगले निघतात.

गोंदाचंही तसंच. थर्मोकोलचं विमान मोडलं की पहिला हात जातो फेविक्विककडे. फेविक्विक थर्मोकोल चिकटवत नाही, खातं. मोडलेला तुकडा जोडायला गेलेला माणूस भोक घेऊन परत येतो. फेव्हिकॉल लावा, रात्रभर वजन ठेवा, सकाळी पक्कं. पण रात्रभर थांबायचं कुणी? आपल्याकडे पूलही तेवढं थांबत नाहीत.

उडवण्याआधीची तपासणी तर विचारूच नका. हलणारे भाग फिरवणाऱ्या सर्व्हो मोटरचे दात झिजलेत का, पंख्याचा नट सैल आहे का, चिकटपट्टीचं बिजागर सुटलंय का. रिमोट घेऊन लांब चालत जायचं आणि तिथून सिग्नल पोचतो का पाहायचं. उजवीकडे कांडी दाबली की उजव्या पंखाचा हलणारा भाग खरंच वर उचलला जातो का, हेही पाहायचं. उलटी तार जोडून सरळ जमिनीत गेलेली विमानं कमी नाहीत. मग तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक-तृतीयांश अंतरावर दोन बोटांनी उचललं तर विमान सरळ राहिलं पाहिजे. वजन शेपटीकडे गेलं तर पहिलं उड्डाण तेच शेवटचं.

सरकारी कार्यालयातही अशी तपासणी असते. रजिस्टर असतं, शिक्का असतो, सही असते. नट तेवढा सैल असतो.

इथे सही चालत नाही, ही या नादातली सर्वांत गैरसोयीची गोष्ट. म्हणून तर आपल्याकडे उडवणारे थोडे आणि उडाल्याचं सांगणारे फार.

शिवकर बापूजी तळपद्यांचं नाव घ्या. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी माणसाविना विमान पंधराशे फूट चढवलं, असं सांगतात. पुरावा? तोही असल्याचं सांगतात. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी अशा दाव्यांसाठी पुढे केलं जाणारं 'वैमानिक शास्त्र' तपासलं. ग्रंथ निघाला विसाव्या शतकातला आणि त्यातली विमानं न उडणारी. आपण काय केलं? २०१५ साली तळपद्यांवर हिंदी सिनेमा काढला.

अहो, वाद कशाला घालता? थर्मोकोल आहे, मोटर आहे, रविवार आहे. पोथीतलं विमान मीटरभर लांबीचं करा आणि उडवून दाखवा. सगळ्या संशयी मंडळींची तोंडं एका दुपारी बंद होतील. एवढा स्वस्त उपाय भाषण ठोकणाऱ्यांना अजून सुचला नाही, यातच सगळं आलं.

नियमांची भीती घालणारेही आहेत. ड्रोन नियम २०२१ उघडून पाहावेत. पंचवीस किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठीचं, नजरेच्या टप्प्यात उडणारं ते मॉडेल. त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. हवाई नकाशातल्या हिरव्या पट्ट्यात चारशे फुटांपर्यंत उडवायला परवानगी मागावी लागत नाही. सरकारने एवढं सोपं लिहिलंय की पोलीस पाटलांचा विश्वासच बसत नाही.

तयार ड्रोन परदेशातून आणायला फेब्रुवारी २०२२पासून बंदी आहे, सुट्या भागांना नाही. म्हणजे स्वावलंबन येतं चीनहून, खोक्यातून. आपण फक्त सोल्डरिंग करायचं.

ड्रोनचं मात्र गावात वजन आहे. 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५ हजार बचत गटांना ड्रोन, ८० टक्के अनुदान, आठ लाखांपर्यंत. फवारणी होते म्हटल्यावर काकाही धुऱ्यावरून कौतुकाने बघतात. चांगलीच गोष्ट आहे. पण तो ड्रोन बिघडला की दुरुस्त कोण करणार? ज्या पोट्ट्याला कालपर्यंत "रिकामटेकडा" म्हणत होतो, तोच ना? त्याला अनुदान किती, हे विचारायचं नसतं.

शाळांकडे वळू या. २०१६पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या, वीस लाखांपर्यंतचं अनुदान आलं. मुलांनी खोलावं, जोडावं, बिघडवावं म्हणून. कित्येक ठिकाणी थ्रीडी प्रिंटरवर झालर लावलेलं कव्हर आहे आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. कव्हर निघतं पाहुणे आले की. बिघडू नये म्हणून इतकं जपलंय की आता चालेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही.

एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवतात, स्पर्धाही होतात. कॅडेट मन लावून करतातही. पुढे 'सी' सर्टिफिकेट फाइलमध्ये जातं, मॉडेल कपाटावर जातं आणि पाल त्यात अंडी घालते. विमानात कुणी तरी बसलं, एवढंच समाधान.

बातमीदारांनाही सोडू नये. 'शेतकऱ्याच्या मुलाने बनवले विमान' हा मथळा वाचून ऊर भरून येतो. फोटो नीट पाहिला तर पंखावर कंपनीचा स्टिकर. किट जोडायलाही अक्कल लागते, त्यात लाज कसली? पण 'जोडले' म्हटलं तर बातमी तीन ओळींची होते आणि 'दुरुस्त केले' म्हटलं तर होतच नाही.

यंदाही विज्ञान प्रदर्शनं भरतील. ज्वालामुखी फुटेल, थर्मोकोलचं धरण वाहेल, पवनचक्की सेलवर फिरेल. कुणी तरी पोरगं भाऊंच्या बोर्डाचं विमान घेऊन येईल आणि मैदानावर उडवून दाखवतो म्हणेल. गुरुजी सांगतील, बॅटरी काढ आणि टेबलावर ठेव, पाहुण्यांच्या अंगावर येईल. परीक्षक येतील, तक्ता नीटनेटका आहे का बघतील, अक्षराला गुण देतील. पाहुणे म्हणून भाऊच असतील. स्वतःचा चेहरा पंखावर पाहून खूश होतील आणि विमानाला पहिला नंबर मिळेल.

उडतं का, हे कोण विचारतो?