‘फॉरमॅट मारू’ म्हणणाऱ्याला आधी कोड विचारा

घरातला डेस्कटॉप निळा पडदा दाखवून बंद पडला की दुरुस्तीच्या दुकानातून एकच उपाय निघतो: फॉरमॅट मारू. पडद्यावर काय आलं होतं, हे कुणी विचारत नाही. मला याची चीड येते. घरभराचे फोटो आणि सोसायटीचे हिशेब पुसायला निघालेल्या माणसाने आधी एक ओळ तरी वाचावी की नाही?

ती ओळ म्हणजे स्टॉप कोड. निळा पडदा हा विंडोजने मुद्दाम घेतलेला थांबा असतो. गाभ्यातच गडबड सापडली आणि तसंच पुढे रेटलं तर तुमची माहिती नासू शकते, म्हणून ती सगळं थांबवते आणि कारण दाखवते. 2025 मध्ये विंडोज 11 ने निळ्याचा काळा पडदा केला, पण कोड तिथेच आहे.

वाचायच्या आत पडदा जातो, ही तक्रार खरी. सिस्टीम प्रॉपर्टीजमधल्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त आपोआप रिस्टार्ट होण्याची खूण असते, ती काढा, मग मोबाइलने फोटो घ्या. तरी हुकलं तर सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात ‘मिनीडंप’ पाहा. ब्लूस्क्रीनव्ह्यू हे फुकट मिळणारं साधन तिथल्या फायली उघडून कोड दाखवतं.

कोड संशयित दाखवतो, निकाल देत नाही. ‘मेमरी मॅनेजमेंट’ आलं तर आधी रॅम तपासा. ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ आलं तर बहुधा एखादा ड्रायव्हर. अलीकडे काय नवीन टाकलं ते आठवा. ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’ म्हणजे हार्डवेअर: तापलेला प्रोसेसर, धुळीने जाम झालेला पंखा, दमलेला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. दर वेळी तोच कोड आणि तोच ड्रायव्हर दिसला, तर त्याच्यामागे लागा. दर वेळी वेगळाच कोड येत असेल, तर मी आधी रॅम आणि वीजपुरवठा धरीन.

रॅमची परीक्षा घरी होते. मेमटेस्ट86 पेन ड्राइव्हवर घ्या, त्यावरून मशीन चालू करा आणि रात्रभर चालू द्या. एक जरी चूक दिसली तरी प्रकरण गंभीर आहे. बायोसमध्ये रॅम जास्त वेगाने चालवणारं एक्सएमपी चालू असेल तर ते बंद करून पुन्हा तपासा. कित्येकदा रॅमची पट्टी चांगली असते, वेग झेपत नसतो. मग भिंतीवरचं बटण बंद करून एकेक पट्टी लावून पाहा. पट्टीचे सोनेरी संपर्क खोडरबराने पुसायची आपल्याकडची रीत आहे. हात हलका ठेवा आणि कीस झटकून टाका. हे काहीच न करता फॉरमॅट मारला, तर नवी विंडोज त्याच बिघडलेल्या रॅममधून डिस्कवर उतरते. आठवड्याने पडदा पुन्हा येतो, आणि फोटो तर गेलेलेच असतात.

19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं बंद पाडली. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. उपाय काय निघाला? सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल काढणं. एवढ्या मोठ्या पडझडीला फॉरमॅट लागला नाही, तर तुमच्या बैठकीतल्या मशीनला पहिल्याच दिवशी का लागावा?

फॉरमॅटची वेळ येते, नाही असं नाही. रॅम ठीक, डिस्क ठीक, ड्रायव्हर बदलून झाले, ‘एसएफसी स्कॅननाऊ’ आणि ‘डिझम’ने विंडोजच्या फायली दुरुस्त करून पाहिल्या, तरी मशीन कोसळतं; मग खुशाल मारा, बॅकअप घेऊन. त्याआधी दुकानदाराकडून दोन गोष्टी बिलावर लिहून घ्या: स्टॉप कोड कोणता होता आणि कोणती चाचणी केली. लिहून देत नसेल, तर मशीन उचला आणि दुसरं दुकान गाठा.