जुन्या वहीतला आरोपी
जुनी डायरी उघडली की माणूस लगेच न्यायाधीश होतो आणि पिंजऱ्यात उभा राहतो तो अठरा वर्षांचा पोरगा: काय तो भाबडेपणा, काय ती उद्गारचिन्हं! पण पुरावा न्यायाधीशाच्याच अंगावर येतो. टॉलस्टॉयने १८४७ साली, अठराव्या वर्षी डायरी लिहायला घेतली, स्वतःसाठी नियमांच्या याद्या केल्या, त्या मोडल्या, जुगारात हरला, पुन्हा नियम केले. अधूनमधून खंड पडत ती डायरी १९१० पर्यंत चालली आणि स्वतःची खरडपट्टी काही थांबली नाही. वय वाढलं, एवढंच. कुणी म्हणेल, डायरी वाईट दिवशीच लिहिली जाते, सुखात कोण लिहितो? खरंय, पण मग त्या पोराला मूर्ख ठरवण्याइतका पुरावा तरी वहीत कुठे आहे? बरं, निदान आपण सुधारलो हे कळतं म्हणावं, तर पहाटे उठण्याचा त्याचा संकल्प मोडला म्हणून हसणारे आपण आता तो संकल्पच करत नाही. (याला प्रौढपण म्हणतात.) लग्नाआधी, १८६२ मध्ये, टॉलस्टॉयने आपल्या वह्या होणाऱ्या बायकोच्या, सोफियाच्या हाती दिल्या, ती वाचून हादरली. आपल्याकडे वह्या रद्दीवाल्याकडे जातात. तो निकाल देत नाही, किलोचा भाव देतो.