शंभरवाले भाऊ

मूर्तिजापुरात कुणाची पशुपतिनाथाची यात्रा ठरली की आधी गोरखपूरची तिकिटं निघतात, मग शंकरपाळ्यांचे डबे भरतात आणि तिसऱ्या दिवशी न बोलावता शंभरवाले भाऊ दारात उभे राहतात. असा एक गृहस्थ तालुक्याच्या प्रत्येक गावाला असतोच. कुठे तो निवृत्त मास्तर असतो, कुठे जिनिंगमधला मुनीम. मूर्तिजापूरचे भाऊ बँकेच्या कॅश काउंटरवरून निवृत्त झालेले. अंगात पांढरी बंडी, बंडीला आतून खिसा आणि खिशाला वरून सेफ्टीपिन. चहा यायच्या आधी त्यांचा प्रश्न येतो.

"पैशाचं काय केलं?"

"घेतल्या ना भाऊ, पाचशाच्या नोटा."

भाऊ डोळे मिटतात. "झालं. म्हंजे पशुपतिनाथाले रद्दी वाहाले चालले तुम्ही."

या तिरसटपणाला कारण आहे. शंभराच्या वरची भारतीय नोट नेपाळात न्यायला वर्षानुवर्षं बंदी होती. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पाचशे-हजाराच्या नोटाही पंचवीस हजार रुपयांपर्यंत न्यायला मुभा दिली. गावाला हायसं वाटलं. भाऊंना नाही. "सरकारची ढील अन् पतंगाची ढील सारखीच, कवा खेचतीन सांगता येत नाई," असं म्हणून ते शंभराच्याच गड्ड्या जमवत राहिले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि भाऊंचं कपाट गल्लीतली सर्वांत भक्कम बँक ठरलं. त्या पंधरवड्यात एक साखरपुडा, एक बाळंतपण आणि दोन घरचा किराणा भाऊंच्या शंभरांवर निभावला. व्याज त्यांनी कुणाकडून घेतलं नाही, व्याख्यान मात्र प्रत्येकाला ऐकावं लागलं. तिकडे नेपाळात लोकांच्या आणि बँकांच्या हाती पडून राहिलेल्या आपल्या जुन्या नोटांचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं लोंबकळत राहिला. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने दोनशे, पाचशे आणि दोन हजार या तिन्ही भारतीय नोटांना बंदी केली, तेव्हा भाऊंनी पेढे वाटले नाहीत एवढंच.

शंभराच्या नोटा जमवणं हे भाऊंच्या मते शास्त्र आहे. पंचवीस हजार म्हणजे अडीचशे नोटा, अडीच गड्ड्या. बँकेत एकदम मागितल्या की काउंटरवरचा पोरगा "एटीएममधून काढा" म्हणतो आणि एटीएम पाचशेच काढतं. म्हणून भाऊ पेट्रोल पंप, किराणा दुकान आणि रसवंती अशी फेरी मारतात आणि पाचशे देऊन शंभराच्या पाच घेतात. घरी आल्यावर प्रत्येक नोट उजेडात धरतात. टाचणीचं भोक, पेनाने लिहिलेला हिशोब किंवा कडेला चिकटपट्टी असली की ती नोट 'देशी खर्चा'च्या डब्यात जाते. उरलेल्यांची वाटणी होते. काही यात्रेला निघालेल्या काकांच्या बंडीत, काही काकूंच्या परकराच्या चोरखिशात, काही शंकरपाळ्यांच्या डब्याच्या तळाशी. डब्यातल्यांना तुपाचा वास लागतो, पण तुपाच्या वासाला कोणत्याही सरकारने अजून बंदी घातलेली नाही.

त्यानंतर ओसरीवर तालीम होते. भाऊ चहावाले होतात.

"चाय पचास!"

काकू पन्नास काढतात.

"चुकलं! आधी इचारा, आयसी का एनसी?"

नेपाळात भारतीय रुपयाला आयसी आणि नेपाळी रुपयाला एनसी म्हणतात. १९९३ पासून आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, हा दर पक्का बांधलेला आहे. पन्नास एनसीच्या चहाला पन्नास आयसी दिले तर एका कपामागे पावणेएकोणीस रुपये गेले, हे भाऊ तोंडी सांगतात. सीमेवरची सोनौलीची कमान ओलांडली की ही आकडेमोड सुरू होते आणि यात्रेकरूंचं अर्धं लक्ष देवाकडे, अर्धं पाढ्यांकडे राहतं.

भाऊ स्वतः काठमांडूच्या पुढे गेलेले नाहीत. ज्ञानाला मात्र त्यांनी सीमा ठेवलेली नाही. गावातला कुणी पोरगा डॉक्टरकी शिकायला ताश्कंदला निघाला की ते त्याला उझबेकिस्तानचं पुराण लावतात. तिथे सप्टेंबर २०१७ पर्यंत सरकारी भावाने डॉलरला सुमारे चार हजार दोनशे सोम मिळत आणि बाजारात जवळजवळ दुप्पट. सरकारने एका दिवसात भाव आठ हजारांच्या वर नेला आणि बाजारातल्या दलालांचा धंदा बसला. म्यानमारला जाणाऱ्याला ते डॉलरची घडी घालू देत नाहीत, कारण तिथले सराफ घडी पडलेली नोट परत करत. डॉलर ठेवायला त्यांनी एलआयसीच्या पॉलिसीचं प्लॅस्टिकचं पाकीट नेमून दिलेलं आहे.

जुना काळ निघाला की भाऊ खुलतात. सत्तरच्या दशकात परदेशी जाणाऱ्याला सरकार हातात आठ डॉलर ठेवी. आता एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पैसा बाहेर नेता येतो. "शकुंतलेत बसून इथला कापूस मँचेस्टरले जाये तवा कोनी इचारलं नाई. मानूस निघाला का मोजून आठ डॉलर!" ही शकुंतला म्हणजे एके काळी मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी नॅरोगेज. स्वातंत्र्यानंतरही तिची मालकी खाजगी कंपनीकडेच राहिली, त्यामुळे भाऊंचा राग अगदीच हवेतला नाही.

मार्च २०२४ मध्ये नेपाळातल्या दुकानांत आपलं यूपीआय सुरू झालं आणि भाऊंच्या गादीला पहिला धक्का बसला. त्यांच्याच नातीने काठमांडूत कोड स्कॅन करून रुद्राक्षाची माळ घेतली आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. भाऊंनी दिवसभर उत्तर दिलं नाही. रात्री एकच ओळ आली, "मुक्तिनाथाच्या घोडेवाल्याले इचार, नेट हाये का म्हनून."

नेपाळला निघणाऱ्यांनी निघायच्या आठवड्यात बँकेत दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. भारतातून कोणत्या नोटा नेता येतात, आणि नेपाळात कोणत्या चालतात? दोन्ही नियम दोन सरकारांचे आहेत आणि ते एकाच दिवशी बदलत नाहीत. शंभराच्या गड्ड्या हव्या असल्यास भाऊंकडे चारनंतर जावं. त्याआधी ते झोपलेले असतात.