पाचशे रुपयांत आत

आमचे साडू हैदराबादला असतात. पाहुण्यांना चारमिनार दाखवून ते इतके विटले होते, की त्यांनी आम्हाला थेट तुरुंगात नेलं. हैदराबादहून साठेक किलोमीटरवर संगारेड्डीला 1796 सालचा तुरुंग आहे. कैदी नव्या तुरुंगात हलवले आणि 2016 मध्ये जुन्याचं संग्रहालय झालं. गोवळकोंड्याला पाय ठेवायला जागा नसते; इथे आम्हीच आम्ही.

1796 हा आकडा ऐकला आणि माझ्यातला मराठा गडी खडबडून उठला. 1795 च्या मार्चात खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला लोळवलं, तहात त्याचा दिवाण मुशीर-उल-मुल्क मागून घेतला आणि पुण्यात कैदेत ठेवला. लगेच पुढच्या वर्षी निजामाच्या राज्यात हा तुरुंग! "बघा, आपल्या धसक्याने बांधलाय," मी भिंतीवर थाप मारत म्हणालो.

"अहो, आपण दोघंही नांदेडचे," साडू म्हणाले. "1948 पर्यंत आपले आजे-पणजे निजामाचीच रयत. खर्ड्याला आपण हरलो होतो."

इतिहास फार खोलात जाऊन वाचू नये तो यासाठी.

बेड्या वगैरे भराभर पाहून झाल्या. खरी मौज होती 'फील द जेल' या योजनेत. तेव्हा 500 रुपये भरायचे आणि 24 तास कैदी व्हायचं. खादीचा गणवेश, ताट, मग, साबण तुरुंगाकडून. जेवण कैद्यांचंच. मोबाइल बंद. आपली बराक आपणच झाडायची. या सुखासाठी मलेशियाहूनसुद्धा माणसं येऊन राहून गेली. तुरुंगात जायला कोणी विमानाचं तिकीट काढतं, याची मला गंमत वाटली. आपल्याकडची बडी मंडळी तिकीट काढतात ते तुरुंग चुकवायला.

साडूंनी मात्र लगेच हिशेब मांडला. "हॉटेलवाले रात्री दहाला आलात तरी दुपारी बाराला बाहेर काढतात. इथे पुरते चोवीस तास. शिवाय नाश्ता-जेवण त्यातच."

"मग राहताय?"

"छे! फोटो काढू."

त्यांनी मला आत ढकललं, गजांचं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. "हसा," म्हणाले. मी हसलो. तेवढ्यात त्यांना फोन आला आणि बोलता बोलता ते अंगणापलीकडच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. फोन त्यांच्या ऑफिसचा असावा, कारण ते नुसतेच मान हलवत होते.

मी गजांमधून हात बाहेर काढला. कडी दोन बोटं पुढे. खांदा टेकवला, श्वास सोडून पोट आत घेतलं. कडी तरी दोन बोटं पुढेच. माझं मनगट घासत होतं तिथेच नेमका गजाचा रंग उडालेला होता. तो कैद्यांनी घालवला की माझ्यासारख्या फोटोवाल्यांनी, देव जाणे. बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "थांबा हो, एवढी पाटी वाचून होऊ दे." एरवी संग्रहालयात ती एकही पाटी वाचत नाही.

पाचेक मिनिटांनी सुटका झाली. तेवढ्यात कळायचं ते कळलं. पाचशे रुपयांत ताट मिळत होतं, मग मिळत होता, गणवेशही मिळत होता. पण दार कधी उघडेल याची खात्री असते, तिथे तुरुंग संपतो आणि सहल सुरू होते. 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या दर 100 कैद्यांमागे जवळपास 76 जण कच्चे कैदी होते. अशांच्या खटल्याचा निकालच लागलेला नसतो. आपण कधी सुटणार, हे त्यांना कोणी सांगू शकत नाही. हा अनुभव कुठल्याच योजनेत मिळत नाही, आणि मिळू नये.

तरी असं जुनं तुरुंग-संग्रहालय वाटेत लागलं तर जरूर आत जा. फक्त कडी लावणाऱ्याचा फोन आधी आपल्या खिशात घाला.