चर्मवीर

शनिवार पेठेत माणसाला नुसतं निवृत्त राहता येत नाही. सकाळी ओंकारेश्वर, दहाला पेपर, संध्याकाळी वर्तक बाग एवढ्यावर जो दिवस काढतो त्याच्याकडे पेठ संशयाने बघते. याला छंद नाही, म्हणजे हा आता सोसायटीचा सेक्रेटरी होणार! आमच्या वरच्या मजल्यावरचे अप्पा बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले तेव्हा हा धोका त्यांनी ओळखला आणि नेमाने छंद बदलायला सुरुवात केली. बोन्साय झालं, झाडं लहान राहिली, पण जिवंत राहिली नाहीत. मोडी झाली, मग स्वतःच लिहिलेली किराणा मालाची यादी वाचता येईना. त्यानंतर कुठेतरी दोन दिवसांची कार्यशाळा करून ते एक चामड्याचं किचेन घेऊन आले आणि तेव्हापासून आमच्या इमारतीत त्यांचं मागून घ्यायचं नाव ‘चर्मवीर’ पडलं. तोंडावर अर्थातच अप्पा.

आता अप्पा एकटेच असे आहेत असं नाही. टाळेबंदीनंतर ही जमात शहरभर वाढली आहे. कुणी भाकरीएवढ्या पावाला तीन दिवस आंबवतो, कुणी गच्चीत साबण कापतो. पण चामडेवाल्यांची गोष्ट वेगळी. पाव फसला तर खाता येतो, निदान गाईला घालता येतो. चामडं फसलं की माणूस ते भेट देतो.

या छंदात आधी हत्यारं येतात, मग आणखी हत्यारं येतात आणि चामडं सगळ्यात शेवटी येतं. अप्पांच्या मुलीने अमेरिकेहून दोन खेपांत पाठवलेल्या सामानात कडा मोडायचं बेव्हलर होतं, टाक्यांची भोकं एका ओळीत पाडायचे पंच होते, कडेला चोळून चकाकी आणायचा जपानी डिंक होता आणि एक स्टिचिंग पोनी होती, म्हणजे मांडीखाली दाबून धरायचा लाकडी चिमटा. वहिनींनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, “घोडं आलं. आता स्वार कधी यायचाय?” भोकं पाडताना खाली टणक काहीतरी लागतं म्हणून अप्पांनी ग्रॅनाइटची लादी आणून टेबलावर मांडली. टेबलाच्या मधोमध ठोकलं तर टेबल नाचतं, हत्यार उसळतं आणि भोक तिरकं पडतं. टेबलाच्या पायाच्या बरोबर वर ठोकलं तर घाव सरळ बसतो. हे ज्ञान अप्पांना झालं त्या दिवसापासून ते नेमाने त्या पायावरच ठोकतात. त्या पायाच्या बरोबर खाली आमचं देवघर आहे.

पहिलं काम अर्थात पाकीट. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब असते. बँकेतल्या माणसाला हे कुणी सांगायला नको. अप्पांनी चामडं मोजून १५० मिलिमीटरच कापलं. दोन्ही बाजूंना कडेपासून चार-चार मिलिमीटर आत शिवण घातली, तेव्हा आत जागा राहिली १४२. शंभरची नवी नोट बरोबर १४२ मिलिमीटरची असते. हिशेबाने ती बसायला हवी होती, पण चामड्याला स्वतःची जाडी असते आणि ती हिशेबात घ्यायची राहून गेली होती. तेव्हापासून अप्पांच्या पाकिटात पन्नासच्या वरची नोट जात नाही. “बरंच झालं,” वहिनी म्हणाल्या, “मोठ्या नोटा घरातच राहतील.” दुसऱ्या पाकिटात नोटा बसल्या, पण ते मिटेना. घडीच्या वेळी बाहेरच्या थराला आतल्या थरापेक्षा जास्त वळण घ्यावं लागतं, म्हणून बाहेरचा तुकडा थोडा मोठा ठेवायचा असतो. ते पाकीट अप्पांनी जावयाला दिलं. जावई ते उघडंच वापरतो की काय, ते कळलं नाही.

अप्पांची खरी कमाई मात्र बोलण्यात आहे. कुणाच्याही मुंजीत, बारशात किंवा तेराव्याला ते शेजारच्या माणसाचा पट्टा नुसत्या नजरेने तपासतात. “मशीनची शिवण दिसतेय. एक टाका तुटला की बाकीचे उसवायला लागतात. सॅडल स्टिचमध्ये एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, समोरासमोरून. एक बाजू तुटली तरी दुसरी धरून ठेवते. दोरा मात्र शिवणीच्या चौपट घ्यायचा.” ऐकणारा तोवर श्रीखंडापर्यंत पोचलेला असतो. अप्पांची स्वतःची शिवण वरून बघण्यासारखी असते, हे मान्य केलं पाहिजे. मागच्या बाजूला मात्र टाके नाना दिशांना तोंडं करून उभे असतात. म्हणून ते आपली वस्तू दाखवताना हातातून सोडत नाहीत.

एवढ्यात लोकांना बातमी लागली की वरच्या मजल्यावर चामड्याचं काम होतं. पेठेतला माणूस व्यवहारी. दारासमोर तुटक्या चपला जमायला लागल्या. एकाने दप्तराचा पट्टा टांगला, एकाने चिठ्ठी लावली, ‘डावीचा सोल. गुरुवारपर्यंत.’ अप्पांना याचा अतोनात राग आला. ते कला करत होते! त्यांचे आजोबा चामड्याला हात लागला तर आंघोळ करत, हे अप्पा स्वतःच सगळ्यांना कौतुकाने सांगतात. कौतुक आजोबांचं नसतं, आपण किती पुढे आलो याचं असतं. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी आली: ‘येथे चपला दुरुस्त करून मिळत नाहीत. चौकशी करू नये.’

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचं नाव न घेता चालवल्या, तेव्हा अप्पा आठवडाभर पेटले होते. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे पलीकडचे चार, असं सगळं ते जिन्यात उभं राहून सांगत. ही माहिती खरीच आहे. हिरडा आणि बाभळीच्या सालीने कातडं कमवायचं, खिळा न मारता नुसत्या चामड्याच्या वादीने शिवायचं, हे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी केलं त्यांना श्रेय मिळालं पाहिजे, असं ते तळमळीने म्हणत. तेव्हा त्यांच्या पायात रबरी स्लिपर होत्या, पण तो मुद्दा नव्हे.

ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं त्यांच्यापैकी एक जण आमच्या कोपऱ्यावर बसतात. त्यांना सगळी पेठ मामा म्हणते. अप्पा तिकडे जात नसत. पण छंद पुढे गेला तशा अडचणीही पुढे गेल्या आणि एके दिवशी ते कागदात गुंडाळलेला पट्टा घेऊन, आजूबाजूला बघत, मामांसमोर उभे राहिले. पट्टा महिन्याभरात दोन भोकं लांबला होता. मामांनी तो दोन्ही हातांनी ओढून बघितला. “साहेब, हे पोटाकडचं चामडं आहे. पाठीकडचं घ्यायचं पट्ट्याला. पोट सुटणारच.”

अप्पांनी नकळत स्वतःचं पोट आत घेतलं.

मग येणं-जाणं सुरू झालं. अप्पांच्या चामड्यावर काळे डाग पडत होते. त्यांना वाटत होतं माल खराब. मामांनी त्यांची पोलादी पट्टी हातात घेतली. “ओल्या चामड्यावर ही ठेवता ना?” हिरड्या-बाभळीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं, ओलाव्यात त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळं होतं. जुने लोक हिरडा आणि लोखंडापासून काळा रंग करत तो असाच. वहिनींनी लिंबू चोळून ओल्या फडक्याने पुसायला सांगितलं आणि डाग बऱ्यापैकी फिका झाला. या छंदातला घरातून झालेला पहिला आणि बहुधा शेवटचा विनाखर्च उपाय. पावसाळ्यात पाकिटांवर बुरशी आली. अप्पांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत सांभाळून ठेवली होती. मामा म्हणाले, सुती फडक्यात ठेवा, वारा लागू द्या. कडा पातळ करताना चाकू आरपार जायचा. अप्पांच्या मते हा चामड्याचा दोष होता. मामांनी आपली रापी दगडावर चार वेळा फिरवली, चामड्याच्या तुकड्यावर पुसली आणि त्या महागड्या जपानी चाकूशेजारी ठेवली. “तुमचं पातं चांगलं आहे. धार नाही.”

मामांना संतासारखं रंगवायचा मोह होतो, पण ते तसे नाहीत. सल्ल्याचे पैसे ते घेत नाहीत, मात्र अप्पांच्या उरलेल्या तुकड्यांवर त्यांचा डोळा असतो आणि त्या बेव्हलरवर तर जास्तच. “आमचा पोरगा बँकेत लागला,” ते एकदा म्हणाले, “हे काम नको म्हणून शिकवला त्याला. तुम्ही बँक सोडून इकडं आलात.” अप्पांना यावर काही सुचलं नाही. त्यांनी कोणत्या बँकेत, हे विचारलं. मग दोघं व्याजदरांवर बोलत बसले.

गेल्या भाद्रपदातला प्रसंग मात्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की पेठेत कुणालाच झोप लागत नाही. अप्पांनी या शत्रूशी तह केला: एका ताशेवाल्या पोराला चामड्याचा पट्टा करून द्यायचं ठरवलं. मानेवर भार नको, खांद्यावरून तिरका घ्या, ही अप्पांची सुधारणा. पट्टा खरोखर देखणा झाला. पाठीकडचं चामडं, सरळ शिवण, तेलात मुरलेला तपकिरी रंग. आता रंगाचा नियम असा की तो लावून वाळल्यावर कोरड्या फडक्याने पुसत राहायचं, फडकं पांढरं राहीपर्यंत; मग वरून फिनिशचा हात द्यायचा, तेव्हा तो कपड्याला लागत नाही. पण पोरगा संध्याकाळी न्यायला आला आणि अप्पा म्हणाले, वाळलाय की.

अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर पाऊस आला. पथकाचे झब्बे पांढरे. अलका चौकात पोचेपर्यंत त्या पोराच्या डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत एक ठसठशीत तपकिरी जानवं उमटलं होतं, आणि पोरगा बेभान होऊन वाजवत होता. रस्त्याकडेच्या एका आजोबांनी हात जोडले, असं सांगतात. खरं-खोटं माहीत नाही. झब्ब्याचे पैसे अप्पांनी दिले. पट्टा परत मागितला, तो मिळाला नाही. पोरगा म्हणाला, वाजवायला एक नंबर आहे.

दिवाळीनंतर मामा महिनाभर गावी गेले. त्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या आजींच्या कोल्हापुरीचा अंगठा ओंकारेश्वराच्या पायऱ्यांवर तुटला. आजी एक पाय अनवाणी ठेवून तीन जिने चढून आल्या आणि अप्पांचं दार वाजवलं.

अप्पांनी काही न बोलता पाटीकडे बोट दाखवलं.

“वाचली,” आजी म्हणाल्या. “चपला म्हटलंय. माझी एकच आहे.”

या युक्तिवादाला शनिवार पेठेत उत्तर नाही. अप्पांनी चप्पल घेतली. जुनी भोकं फाटून एकमेकांत मिसळली होती, म्हणून मागे पातळ केलेला तुकडा लावला, मेण लावलेला दोरा घेतला, दोन सुया ओवल्या, आणि जे काम मामा रस्त्यावर बसून, बोलता बोलता करतात, त्याला चार तास लावले. दर वेळी डावी सुई आधी, उजवी नंतर. क्रम बदलला नाही म्हणून या वेळी मागचे टाकेही एका ओळीत बसले. ते मात्र तळव्याच्या खाली गेले. ते बघायला कुणी नव्हतं.

आजींनी अंगठा ओढून बघितला, घालून दोन येरझाऱ्या मारल्या आणि विसाची नोट काढली. “मामा पंधरा घेतो. पाच परत दे.”

“आजी, पैसे नकोत.”

“फुकट कसलं घ्यायचं? पाच दे.”

अप्पांकडे सुटे नव्हते. शेवटी तडजोड झाली: पाच रुपये आजींच्या नावावर जमा, दुसऱ्या चपलेचा अंगठा तुटला की वळते करायचे. विसाची नवी नोट १२९ मिलिमीटर लांब असते. ती पाकिटात गेली आणि बाजूला बोटभर जागा उरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी पाटीतली पळवाट बुजवली. ‘येथे चप्पल अथवा चपला दुरुस्त करून मिळत नाहीत,’ असं आता तिथे रंगवलेलं आहे. पुढच्या सोमवारी पाटीखाली आजींची दुसरी चप्पल ठेवलेली होती, आणि तिच्या तुटक्या अंगठ्यात घडी करून खोचलेली दहाची नोट.