चौदा दिवस बघू

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे नवं मांजर आलं की ते आधी काकांच्या पँटवर दिसतं. गुडघ्याखाली पांढरे ठिपके उमटतात. ब्लीचचे. मग जिन्यात काकू भेटल्या तर लांबूनच हात जोडायचे, कारण पार्किंगमध्ये तुमच्या स्कूटरवर एक भटकी भाटी झोपते आणि तिच्या अंगावरचं काय काय तुमच्या पायजम्याला लागलं असेल, याचा हिशेब काकूंकडे तयार असतो.

अशा काकू आता पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत सापडतात. मुलं परदेशी, गुडघे कुरकुरणारे, घरात आधीची दोन मांजरं. आमच्या काकूंची दोन म्हणजे सुभेदार आणि चिमणी. सुभेदार म्हातारा, सोफ्याचा सातबारा त्याच्या नावावर. चिमणी नावालाच चिमणी, उचलताना कमरेत उसण भरते. एवढं असूनही काकूंना तिसरं हवं असतं, आणि तेही शेल्टरमधलंच. ‘विकत काय, कोणीही आणतं,’ हे वाक्य त्या चौथ्या मजल्यावरच्या पर्शियन मांजराच्या मालकिणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात.

मुलाने परस्पर लग्न ठरवलं तेव्हा याच काकू ‘आजकाल पत्रिका कोण बघतं?’ म्हणाल्या होत्या. बोका आणताना मात्र दोन रिपोर्ट हातात पडल्याशिवाय त्यांनी होकार दिला नाही. एक फेलाइन ल्युकेमियाचा, दुसरा एफआयव्हीचा. थेंबभर रक्त, जागच्या जागी निकाल. ल्युकेमिया लाळेतून पसरतो, एकमेकांना चाटण्यातून, एका वाडग्यातून. एफआयव्ही मुख्यतः कडकडून चावल्यावर. ही सगळी माहिती काकूंनी मला लिफ्टमध्ये दिली. लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरचं नवपरिणीत जोडपंही होतं. यातलं काहीच माणसाला होत नाही, हे काकू सांगणार तेवढ्यात तळमजला आला.

बरं, रिपोर्ट चांगले आले म्हणून बोका थेट सोफ्यावर, असं नाही. शेल्टरवाले बिचारे करतात तेवढं थोडंच. पण एका छताखाली पन्नास मांजरं, त्यात रोज नवी भरती. ट्रायकॅटची लस टोचली तरी अंगी लागायला दिवस जातात, आणि टोचण्याआधीच काही शिरलेलं असेल तर लस तरी काय करणार? तेव्हा काकूंचं ठरलेलं वाक्य: ‘दिसतंय ठणठणीत, पण चौदा दिवस बघू.’ नव्या प्लंबरबद्दलही त्या हेच म्हणाल्या होत्या.

काकूंचा खरा वैरी म्हणजे पॅनल्युकोपेनिया. मांजरं पाळणारे त्याला मांजरांचा पार्व्हो म्हणतात. उलट्या, जुलाब, रक्तातल्या पांढऱ्या पेशी ढासळतात आणि लस न घेतलेलं पिल्लू दोन दिवसांत हातचं जातं. हा विषाणू फरशीच्या फटीत वर्षभरही तग धरतो आणि सॅनिटायझरला भीक घालत नाही. २०२० साली सगळी सोसायटी तळहात चोळत होती तेव्हा काकूंच्या चेहऱ्यावर एक जाणकार, दयाळू हसू असायचं. त्यांची भिस्त ब्लीचवर. एक भाग ब्लीच, बत्तीस भाग पाणी, आणि फरशी दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे. त्याआधी साबणाने घासायची, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. साखर अंदाजाने घालणाऱ्या काकू ब्लीच मात्र खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजतात.

फिनाइल आणि डेटॉल घरातून हद्दपार. फिनॉल मांजराच्या यकृताला पचत नाही. हे कामवाल्या मावशींना तीनदा सांगून झालं. त्यांचं मत असं, की काकांची पेन्शन अडकली असणार.

पस्तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्यावर काकूंनी सासूबाईंच्या सोवळ्याविरुद्ध पहिल्या आठवड्यातच बंड पुकारलं होतं. ते अजून सांगतात. आता पाहुण्यांच्या बाथरूममध्ये नवा बोका राहतो, दाराच्या आत खुंटीवर एक जुना गाऊन टांगलेला असतो, तो घातल्याशिवाय बोक्याला शिवायचं नाही आणि काढल्याशिवाय बाहेर यायचं नाही. वाडगा वेगळा, लिटरचा ट्रे वेगळा, खरकटं वेगळं. आधी सुभेदार-चिमणीचं जेवण, मग नव्याचं. उलट क्रम झाला तर दोन्ही वेळा हात धुऊनही क्षमा नाही. सासूबाई असत्या तर सून सुधारली म्हणाल्या असत्या.

काका या सगळ्यात नाहीत. ‘मांजर म्हणजे नुसती कटकट’ हे त्यांचं जाहीर धोरण.

पहिला आठवडा उलटला आणि सुभेदार शिंकला. एकदा नव्हे, सकाळभर. डोळ्याला पाणी. काकूंनी काकांची उलटतपासणी घेतली, गाऊनची जागा पाहिली, शेल्टरला फोन लावला. डॉक्टरांनी मात्र निराळंच सांगितलं. सुभेदाराच्या अंगात हर्पीसचा विषाणू लहानपणापासून मुक्कामाला असणार. मांजरांच्या सर्दीचं हे नेहमीचं कारण. एकदा शिरला की जन्मभर दडून बसतो आणि मनाला ताण आला की डोकं वर काढतो. बंद दारामागचा बोक्याचा वास एवढा ताण पुरेसा होता. म्हणजे रोगट ठरला तो घरातलाच, आणि उलट नव्यालाच त्याच्यापासून जपायचं! हे ऐकून काकू जरा गप्प झाल्या. सुभेदाराला त्यांनी बारा वर्षांपूर्वी रिक्षाच्या सीटखालून उचलून आणलं होतं. रिपोर्ट न बघता.

आणि मग काकांच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला एक गोल, लालसर, खाजरं चक्र उमटलं. कडेला बारीक खवले. काका म्हणाले, उन्हाळा आहे. काकूंनी चष्मा लावून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘कितीदा?’

गजकर्ण. डॉक्टरांनी खोलीत अंधार करून बोक्याच्या अंगावर जांभळा दिवा धरला, तर कानामागचे केस हिरवे चमकले. तिथे नाण्याएवढं टक्कल होतं, वरच्या केसांनी झाकलेलं. गाऊन घालणाऱ्या, हातमोजे चढवणाऱ्या काकूंना ते दिसलं नव्हतं. मांजर कोपराच्या खळगीत घेऊन बराच वेळ बसल्याशिवाय माणसाला नेमकं तिथे गजकर्ण होत नाही, हे कळायला लॅबची गरज नव्हती. ‘रात्री रडत होता,’ काका म्हणाले. ‘गाऊन मला होत नाही.’

आता काका आणि बोका एकाच खोलीत आहेत. काकूंचाच निर्णय: लागायचं ते लागलंय, निदान घरभर बुरशी तरी फिरणार नाही. काकांना मलम, बोक्याला इट्राकोनाझोल आणि गंधकाच्या पाण्याची आंघोळ, जिच्या नासक्या अंड्यांच्या वासाने तिसऱ्या मजल्यावरचा साखरपुडा हॉलवर न्यावा लागला. काका पेपर मोठ्याने वाचतात. कोणासाठी, ते विचारायचं नाही.

सुभेदार आणि चिमणीच्या अंगावर अजून एकही चक्र नाही. बुरशीच्या तपासणीचा निकाल यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि तो स्वच्छ येईपर्यंत दार उघडणार नाही. तोवर शेजाऱ्यांनी काकूंकडे वाटी किंवा डबा पाठवू नये. आत गेलेलं भांडं सध्या परत मिळत नाही.